चामडी बांधणीतला रोम

दुर्मीळ ग्रंथांचा व्यापार करणाऱ्यांची जी सूचिपत्रे युरोपातून निघतात, त्यांत एक लहानसे फ्रेंच पुस्तक वर्षानुवर्षे डोकावत असते. इ. स. १७३४ मध्ये अॅमस्टरडॅम येथे जाक देबोर्द या प्रकाशकाने ते छापले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे असा : रोमनांच्या वैभवाची आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणे, यांविषयी काही विचार. लेखक होता बोर्दोजवळच्या ला ब्रेद येथील एक जमीनदार, शार्ल लुई द सगोंदा, म्हणजेच बॅरन माँतेस्क्यू. सत्तेच्या त्रिभाजनाचा सिद्धांत मांडणारा म्हणून आपल्याकडे राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ज्याचे नाव परीक्षेपुरते पाठ केलेले असते, तोच हा.

सूचिपत्रात या पुस्तकाविषयी काय लिहिलेले असते? वासराच्या कातड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी ठसे, पानांच्या कडा तांबड्या, आतल्या बाजूस कोणा सरदाराची नाममुद्रा, एका कोपऱ्यात किंचित कसर. मग किंमत. पुस्तकात काय म्हटले आहे याविषयी बहुधा एक अक्षर नसते, आणि गिऱ्हाइकालाही ते नको असते. अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला भेद समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात तर असा संकेत आहे की ज्या प्रतीची पाने अजून कापून मोकळी केलेली नाहीत, म्हणजे जी प्रत कोणीही वाचलेली नाही, तिला संग्राहक अधिक मोल देतात. पुस्तकाचे न वाचले जाणे हा त्याचा गुण ठरावा, आणि त्या गुणाला बाजारभाव यावा! भांडवलशाही समाजात संस्कृतीचे काय होते हे समजून घेण्यासाठी फार मोठ्या प्रबंधाची गरज नाही.

या विशिष्ट पुस्तकाच्या बाबतीत विनोद आणखी गडद आहे. माँतेस्क्यूने ते फ्रान्समध्ये न छापता हॉलंडमध्ये छापून घेतले, तेही निनावी. कारण उघड होते : फ्रेंच दरबाराची नजर चुकवायची होती. एवढे करूनही त्याला धीर झाला नाही. छापून झालेल्या काही प्रतींतली तीक्ष्ण मजकुराची पाने काढून त्या जागी सौम्य केलेली पाने घालण्यात आली. याच सुमारास त्याने युरोपातील सार्वभौम राजेशाहीच्या स्वप्नावर एक टिपण लिहून छापले आणि भीतीपोटी स्वतःच मागे घेतले. ते लोकांसमोर यायला १८९१ साल उजाडावे लागले. आज पाने न बदललेली प्रत संग्राहकाला अधिक प्रिय असते. ज्या वाक्यांना राजा भ्यायला असता ती वाक्ये आता गुंतवणुकीचा भाग म्हणून काचेच्या कपाटात सुखरूप आहेत, आणि कोणीही भिण्याचे कारण उरलेले नाही.

संग्राहक तरी निरुपद्रवी म्हणावा. दुसरा एक वर्ग आहे, तो पुस्तक उघडतो, पण शीर्षकातला 'ऱ्हास' हा एकच शब्द वाचून मिटतो. रोम कशाने बुडाला? विलासाने, शिस्त गेल्याने, जुनी नीती सुटल्याने, परके आत आल्याने, आणि आपसांतल्या भांडणाने. मग ओघानेच उपाय येतो : शिस्त, एकजूट, आणि सर्वांवर एक खंबीर पुरुष. हे प्रवचन अठराव्या शतकापासून चालू आहे. १९२२ मध्ये इटलीत सत्तेवर आलेल्या मुसोलिनीने तर रोमन दंडाधिकाऱ्यांच्या दांडक्यांची मोळीच आपल्या पक्षाचे चिन्ह केली होती, आणि १९३७ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या दोन हजाराव्या जयंतीचे मोठे प्रदर्शन रोममध्ये मांडून त्या सम्राटाचा वारसा स्वतःकडे घेतला होता. आजही युरोप-अमेरिकेत स्थलांतरितांविरुद्ध रान उठविणारे पुढारी रोमच्या पतनाचा दाखला देताना संकोचत नाहीत. या मंडळींना माँतेस्क्यू आपला वाटतो. त्याने लिहिले काय आहे हे पाहण्याची तसदी त्यांनी घेतली असती तर तो त्यांना आपला वाटला नसता.

एकूण तेवीस प्रकरणांच्या या पुस्तकाचे तिसरे प्रकरण अवघ्या काही पानांचे आहे. रोमन लोक इतके वाढू कसे शकले, हा त्याचा विषय. उत्तर देताना माँतेस्क्यू प्रथम हिशेब मांडतो. त्याच्या काळच्या युरोपीय राजेशाह्यांत लोकसंख्येच्या शंभरास एक या प्रमाणाहून अधिक सैन्य पोसले तर राज्य डबघाईला येई. प्राचीन प्रजासत्ताकांत हे प्रमाण सहज आठास एक असे. हा फरक शौर्यातून आला नाही, रक्तातून आला नाही, देवांच्या कृपेतून तर मुळीच आला नाही. तो जमिनीच्या वाटपातून आला. त्या प्रजासत्ताकांच्या संस्थापकांनी जमीन सारखी वाटली होती. त्यामुळे प्रत्येक नागरिकाला राखण्यासारखे काहीतरी होते आणि ते सर्वांचे सारखेच होते. पुढे काहींच्या हव्यासाने आणि काहींच्या उधळेपणाने जमीन मोजक्या हातांत गेली. मग श्रीमंतांच्या गरजा पुरविणारे कारागीर वाढले, शेतात गुलाम आले, आणि जी जमीन पूर्वी सैनिक पोसत होती ती आता चैनीची साधने पोसू लागली. नागरिक संपले, म्हणून सैनिक संपले. स्पार्टामध्ये तर अखेरीस सातशे नागरिक उरले, आणि त्यांतले जमीन असलेले जेमतेम शंभर.

हे लिहिणारा माणूस समाजवादी नव्हता. समाजवाद हा शब्दही जन्मला नव्हता. तो द्राक्षमळ्यांचा मालक होता, बोर्दोच्या न्यायसभेत वडिलोपार्जित अध्यक्षपद भोगून १७२६ मध्ये ते पद विकून मोकळा झालेला सरदार होता. त्याच्या हातून हा हिशेब निघाला याचे महत्त्व म्हणूनच अधिक. विलासाविषयी तो बोलतो, नाही असे नाही. दहावे प्रकरण नीतिभ्रष्टतेवरच आहे आणि त्यात एपिक्यूरसच्या पंथाला त्याने बराच दोष दिला आहे. पुस्तकातले हे सर्वांत कमकुवत प्रकरण, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु प्रवचनकारांनी नेमके तेवढेच उचलावे आणि तिसऱ्या प्रकरणातला जमिनीचा ताळेबंद सोडून द्यावा, याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. नीतीचा ऱ्हास झाला असे म्हटले की दोष सर्वांचा होतो. जमीन मूठभरांकडे गेली असे म्हटले की दोषी कोण ते विचारावे लागते.

याच प्रकरणात माँतेस्क्यू टायबेरियस ग्रॅकसला उभा करतो. इ. स. पू. १३३ मधला हा लोकाधिकारी उमरावांना जे विचारतो त्याचा आशय असा : कायमचा गुलाम बरा की नागरिक बरा? लढाईला निरुपयोगी माणूस बरा की सैनिक बरा? इतरांपेक्षा चार बिघे जास्त राखण्यासाठी तुम्ही साऱ्या जगाच्या विजयाची आशा सोडणार काय, की नाकारलेली हीच जमीन शत्रूने हिसकावून घेण्याचा धोका पत्करणार?

ग्रॅकस मागत काय होता हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माँतेस्क्यूने ते गृहीत धरले आहे. युद्धात जिंकलेली जमीन रोममध्ये सार्वजनिक मालकीची असे. ती एका माणसाने किती धरावी याला इ. स. पू. ३६७ च्या लिसिनियसच्या कायद्याने मर्यादा घातली, असे परंपरा सांगते : पाचशे युगेरा, म्हणजे सुमारे ३१० एकर. कायद्याचे पुढे काय झाले? इतिहासकार लिव्ही नोंदवितो की कायदा करणाऱ्या लिसिनियसनेच मुलाला कागदोपत्री विभक्त करून बापलेकांच्या नावे मिळून एक हजार युगेरा जमीन धरली, आणि त्याबद्दल त्याला दहा हजार आस दंड झाला. प्लूटार्क सांगतो की पुढच्या काळात शेजारचे धनिक खोट्या नावांवर खंडाने जमिनी घेत, आणि मग उघडपणे स्वतःच्याच नावावर. बेनामी व्यवहार हा शब्द मराठी वाचकाला समजावून द्यावा लागू नये. १९६१ चा महाराष्ट्रातील कमाल जमीनधारणेचा कायदा आणि त्यातून काढलेल्या पळवाटा ज्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून पाहिल्या, त्यांना लिव्ही आणि प्लूटार्क यांची ही पाने तलाठ्याच्या दप्तरासारखी वाटतील.

ग्रॅकसने खाजगी मालमत्तेला हात लावला नव्हता. जुनीच मर्यादा पुन्हा अमलात आणावी, मुलांसाठी काही अधिक ठेवू द्यावे, आणि उरलेली सार्वजनिक जमीन भूमिहीन नागरिकांना वाटावी, एवढीच त्याची मागणी. याहून मवाळ सुधारणा कल्पिता येणार नाही. तिचे उत्तर म्हणून सिनेटरांच्या जमावाने बाकांचे पाय आणि सोटे हाती घेऊन त्याला व त्याच्या सुमारे तीनशे अनुयायांना ठार केले आणि प्रेते टायबर नदीत फेकली. बारा वर्षांनी, इ. स. पू. १२१ मध्ये, त्याचा भाऊ गायस याची तीच गत झाली. त्या वेळी मेलेल्यांचा आकडा प्राचीन लेखक तीन हजार देतात.

आता पुढचे पाहा. जमीन नसलेल्याला सैन्यात घ्यायचे नाही हा रोमचा जुना नियम. जमीनवालेच कमी झाले तेव्हा इ. स. पू. १०७ मध्ये मॅरियसने निष्कांचनांना भरती करून घेतले. या सैनिकाला परत जायला शेत नव्हते. लढाई संपल्यावर पोटाची सोय करणारा एकच माणूस त्याला दिसत होता, तो म्हणजे त्याचा सेनापती. नवव्या प्रकरणात माँतेस्क्यू हेच सांगतो : सैन्ये आल्प्स ओलांडून, समुद्र ओलांडून दूर गेली, वर्षानुवर्षे एकाच सेनापतीच्या हाताखाली राहिली, आणि मग ती रोमची सैन्ये उरली नाहीत, ती सुल्लाची, मॅरियसची, पाँपीची, सीझरची झाली. इ. स. पू. ८८ मध्ये सुल्लाने आपली फौज घेऊन रोमवरच चाल केली. असे पूर्वी कधी घडले नव्हते. विजयी झाल्यावर त्याने विरोधकांच्या याद्या लावल्या, त्यांना मारले, आणि त्यांच्या व कित्येक इटालियन गावांच्या जमिनी आपल्या सैनिकांना वाटल्या. माँतेस्क्यूने अकराव्या प्रकरणात नोंदविले आहे की नागरिकांच्या जमिनी सैनिकांना देऊन सुल्लाने त्यांची हाव कायमची जागी केली.

म्हणजे जमिनीचे वाटप अखेर झालेच! ग्रॅकसने जे लोकसभेत, कायद्याने, मोजमाप करून, कोणाचीही मान न कापता मागितले होते आणि ज्यापायी त्याची हत्या झाली, तेच पन्नास वर्षांत तलवारीने घडले. फक्त आता ते न्याय म्हणून झाले नाही, लूट म्हणून झाले, आणि ज्याला जमीन मिळाली तो प्रजासत्ताकाचा ऋणी न राहता एका माणसाचा ऋणी झाला. ज्या सिनेटने सुधारणेला राज्यद्रोह ठरविले तिने स्वतःच्या हाताने हुकूमशहासाठी सैन्य तयार करून ठेवले. सीझरने इ. स. पू. ४९ मध्ये रुबिकॉन ओलांडली त्याच्या कथा शाळकरी पुस्तकांतही असतात. पण त्याच्यामागून जे पायदळ नदी उतरले ते कोणाच्या शेतातून हुसकले गेले होते, हे त्या कथा सांगत नाहीत. खंबीर पुरुषाची वाट पाहणाऱ्यांनी हा सगळा क्रम सुरुवातीपासून वाचावा. खंबीर पुरुष हा त्या रोगावरचा उपाय नव्हता. तो त्या रोगाची शेवटची अवस्था होता.

येथे आपल्यातले काही मित्र वेगळाच आक्षेप घेतील, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. एका सरदाराचे पुस्तक कष्टकऱ्यांच्या चळवळीने कशाला वाचावे? ज्या समान वाटपाचे तो गोडवे गातो ते वाटप लुटलेल्या जमिनीचेच नव्हते काय?

होते. आणि गंमत अशी की हेही माँतेस्क्यूनेच लिहून ठेवले आहे. पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो की रोम हे व्यापार नसलेले आणि कारागिरी जवळजवळ नसलेले शहर होते, आणि माणसाला श्रीमंत व्हायला लुटीशिवाय मार्ग नव्हता. लूट एकत्र जमवायची, सैनिकांत वाटायची, जिंकलेल्या जमिनीचा एक भाग विकायचा व एक गरिबांना द्यायचा, अशी ती व्यवस्था. रोमन शेतकऱ्याची समता शेजाऱ्याच्या शेतावर उभी होती. इ. स. पू. १६७ मध्ये मॅसिडोनियाच्या राज्याची संपत्ती हाती पडल्यावर रोमन नागरिकांवरचा थेट कर थांबविण्यात आला. त्याच वर्षी एपिरसमधून दीड लाख माणसे गुलाम म्हणून नेली, असे लिव्ही सांगतो. करमाफी आणि गुलामांचा पुरवठा एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू होत. आणि मग तेच गुलाम ज्या जमिनीवर राबू लागले त्या जमिनीवरून ते युद्ध जिंकून आलेला शेतकरी हुसकला गेला. साम्राज्यशाही आपल्या देशातल्या गरिबालाही अखेर काय देते, हे या दोन ओळींच्या हिशेबात मावते.

माँतेस्क्यू जेथे खरोखर कमी पडतो ते स्थळ हे आहे. गुलामांविषयी तो या पुस्तकात ओझरते बोलतो. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या उठावानंतर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार माणसे क्रुसावर लटकविली गेली. वैभवाची कारणे शोधणाऱ्याने त्या रस्त्यावरून एकदा तरी चालायला हवे होते. पुढे १७४८ च्या 'कायद्यांचे मर्म' या मोठ्या ग्रंथात त्याने निग्रोंच्या गुलामगिरीचा जळजळीत उपरोधाने समाचार घेतला हे खरे. परंतु ज्या बोर्दो बंदरातून त्याची दारू परदेशी जाई ते बंदर त्या शतकात वसाहतींच्या साखरेवर आणि गुलामांच्या व्यापारावरच गबर होत गेले, हेही तितकेच खरे. त्याच ग्रंथात न्यायदानाचा अधिकार सिनेटरांकडून काढून घेतल्याबद्दल त्याने ग्रॅकसबंधूंना बोल लावला आहे. सरदार तो सरदारच. त्याचा वर्ग त्याच्या लेखणीतून मधूनमधून बोलतो, यात आश्चर्य नाही.

परंतु म्हणून पुस्तक फेकून द्यायचे असेल तर मार्क्सला आधी विचारावे. रोमन प्रजासत्ताकाचा गुप्त इतिहास हा जमीनमालकीचा इतिहास आहे, अशा आशयाची तळटीप त्याने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात लिहिली. त्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षे तोच धागा एका बॅरनच्या हाती लागला होता. फ्रेंच मार्क्सवादी विचारवंत लुई आल्थ्युसेर याने १९५९ मध्ये माँतेस्क्यूवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यात त्याची सरंजामी बाजू निर्दयपणे उघडी केली आणि तरीही इतिहासाचे शास्त्र होऊ शकते हे दाखविणाऱ्यांत त्याचे स्थान पहिले मानले. याचे कारण अठराव्या प्रकरणात सापडते. जगावर दैवाचे राज्य नाही, असे तेथे म्हटले आहे. प्रत्येक राज्यात काही सर्वसाधारण कारणे काम करीत असतात, नैतिक आणि भौतिक. एका लढाईच्या फटक्याने राज्य कोसळले असेल तर ते एका लढाईने कोसळावे अशी स्थिती आणणारे दुसरे कारण आधीपासून असलेच पाहिजे. बिशप बोस्युएने १६८१ मध्ये याच साम्राज्यांचा इतिहास ईश्वरी योजनेचा पट म्हणून लिहिला होता. माँतेस्क्यूने ईश्वराला न दुखावता बाजूला बसविले आणि जमीन, सैन्य, पैसा आणि कायदे यांना बोलते केले. पॅरिसच्या दिवाणखान्यांतल्या शहाण्यांनी मात्र विनोद केला की 'पर्शियन पत्रे' हे माँतेस्क्यूचे वैभव आणि हे पुस्तक म्हणजे त्याचा ऱ्हास. दिवाणखाने असेच बोलतात.

आता एकजुटीविषयी, कारण आपल्या दृष्टीने पुस्तकातली सर्वांत मोलाची पाने तीच. रोम अंतर्गत भांडणांनी बुडाला हे मत माँतेस्क्यूच्या काळीही रूढ होते, आणि नवव्या प्रकरणात त्याने ते सरळ खोडून काढले. ती भांडणे आवश्यक होती, नेहमीच होती आणि व्हायलाच हवी होती. जे लोक युद्धात इतके धीट ते घरात मेंढरे होतील अशी अपेक्षा कशी करायची? प्रजासत्ताक म्हणविणाऱ्या राज्यात सगळे कसे शांत शांत दिसले की तेथे स्वातंत्र्य नाही असे खुशाल समजावे, हा त्याचा निष्कर्ष. खरी एकजूट संगीतातल्या सुरांसारखी : सूर एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि तरी एकूण मेळ साधतात. उलट जुलमी सत्तेखाली शेतकरी, सैनिक, व्यापारी, अधिकारी आणि उमराव जेव्हा एकत्र दिसतात तेव्हा काही जण इतरांना बिनविरोध दडपीत असतात एवढाच त्याचा अर्थ. ती शेजारी शेजारी पुरलेल्या प्रेतांची एकजूट असते. हे त्याने आशियाई सत्तांविषयी लिहिले, त्यात युरोपीय पूर्वग्रह पुरेपूर आहे. पण वाचणाऱ्या फ्रेंच माणसाला व्हर्सायचा राजवाडा डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहिला नसेल.

संप म्हणजे देशाची हानी, मोर्चा म्हणजे बेशिस्त, विरोधी पक्ष म्हणजे अडथळा, अशी भाषा करणारे लोक प्रत्येक काळात आणि प्रत्येक सत्तेत असतात. त्यांना रोमचे उदाहरण फार आवडते. प्लेबियन म्हणजे सामान्य नागरिक, कामधंदा आणि सैन्यसेवा सोडून सामूहिकपणे शहराबाहेर निघून गेले, तेव्हा कोठे उमरावांनी त्यांचे लोकाधिकारी मान्य केले, हे उदाहरण मात्र त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. इतिहासातल्या पहिल्या मोठ्या संपांपैकी तो एक होता, आणि परंपरेनुसार तो इ. स. पू. ४९४ मध्ये, म्हणजे रोमच्या वैभवाच्या आरंभी झाला. अखेरीला झाला नाही.

परक्यांमुळे रोम बुडाला म्हणणाऱ्यांना या प्रकरणात एक आधार सापडेल, तो लपविण्याचे कारण नाही. इटलीतल्या सर्व मित्रनगरांना नागरिकत्व दिल्यावर रोम एकसंध राहिले नाही. त्या लोकांना तीच दैवते, त्याच भिंती, तेच न्यायाधीश नव्हते, असे माँतेस्क्यू म्हणतो. येथे तो एका शहराच्या चौकटीबाहेर पाहू शकलेला नाही. ज्या मित्रनगरांनी रोमच्या युद्धांत रक्त सांडले त्यांना मतदानात आणि जमिनीत वाटा नाकारला, म्हणून इ. स. पू. ९१ मध्ये ते शस्त्र घेऊन उठले. हक्क दिल्याने फूट पडली म्हणण्याआधी हक्क किती काळ नाकारले होते हे मोजले पाहिजे. एका चौकात मावणारी सभा इटलीभरच्या नागरिकांना पुरेना, तेव्हा प्रतिनिधींची सभा बनविणे हा मार्ग होता. तो रोमन उमरावांनी शोधला नाही, कारण त्यांना तो नको होता.

चौदाव्या प्रकरणाविषयी थोडेच लिहितो. सम्राट टायबेरियसने राज्यद्रोहाचा जुना कायदा उकरून काढला. तो कायदा मुळात रोमन जनतेविरुद्धच्या अपराधांसाठी होता; सम्राटाने तो स्वतःविरुद्धच्या शब्दांना, खुणांना, अखेर विचारांनाही लावला. कायद्याच्या छायेत आणि न्यायाच्या रंगात चालणाऱ्या जुलमाहून क्रूर जुलूम नाही, असा माँतेस्क्यूचा अभिप्राय आहे. सिनेट बसत होती, न्यायाधीश होते, आरोपपत्रे होती, सारे रीतसर. १९७५ ते १९७७ या काळात ज्यांना आरोपपत्रावाचूनच मिसाखाली तुरुंगात राहावे लागले त्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना या पानांवर भाष्याची गरज नाही. तरुणांनी ती त्यांच्या शेजारी बसून वाचावीत.

या पुस्तकाला राजेही वाचक मिळाले. प्रशियाच्या फ्रेडरिकने आपल्या प्रतीच्या समासात टिपा लिहिल्या, आणि ती प्रत पुढे नेपोलियनच्या हाती गेली असे सांगतात. दोघांनीही जगाचा नकाशा बदलण्याच्या युक्त्या त्यात शोधल्या असतील. सहाव्या प्रकरणात त्या आहेतच. एका शत्रूविरुद्ध दुसऱ्याला मित्र म्हणून वापरायचे आणि मग मित्राचा नंबर लावायचा, 'रोमन जनतेचा मित्र' ही पदवी देऊन राजाला मांडलिक करायचे. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह ज्याने वाचला आहे त्याला हे प्रकरण परके वाटणार नाही. राजांनी सहावे प्रकरण वाचले, प्रवचनकारांनी दहावे वाचले. तिसरे आपल्यासाठी उरले आहे.

आणि ते वाचण्यासाठी कोणाच्याही काचेच्या कपाटापुढे उभे राहावे लागत नाही. ला ब्रेदच्या वाड्यातला माँतेस्क्यूचा खाजगी ग्रंथसंग्रह विसाव्या शतकात लिलावांतून काही अंशी विखुरला, पण जो उरला तो १९९४ मध्ये वंशजांकडून बोर्दोच्या नगरपालिकेच्या ग्रंथालयाकडे आला, म्हणजे शहराच्या मालकीचा झाला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संगणकीय भांडारात पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांची पाने कोणालाही विनामूल्य पाहता येतात. इंग्रजीत ते १७३४ मध्येच उतरले होते, आणि १९६५ चे डेव्हिड लोवेंथल यांचे भाषांतर मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळण्यासारखे आहे.

अभ्यासवर्गासाठी घ्यायचे तर क्रमाने तेवीस प्रकरणे वाचू नयेत. कार्यकर्ते सातव्या प्रकरणातल्या मिथ्रिडेटीसपाशी पोचेपर्यंत उठून जातील. पहिल्या बैठकीला तिसरे प्रकरण घ्यावे आणि सोबत प्लूटार्कने लिहिलेले ग्रॅकसबंधूंचे चरित्र. दुसऱ्या बैठकीला नववे. तिसऱ्या बैठकीला चौदावे आणि अठरावे. ज्या तालुक्यात वर्ग असेल तेथील कमाल जमीनधारणेची प्रकरणे, किती जमीन अतिरिक्त ठरली, किती प्रत्यक्ष ताब्यात आली आणि किती वाटली गेली, याचा तक्ता तहसील कचेरीतून आधी मिळवून ठेवावा, आणि तो पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहावा.